कागद वेळेवर पोचला तर

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी होऊन तीस वर्षं झाली, तरी या सभागृहात उभं राहिलं की आधी गणवेशाचा पट्टा सरळ आहे ना हे बघावंसं वाटतं. समोर बाई बसल्या आहेत, त्यामुळे जास्तच.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि आपण' हा विषय दिला. सकाळी चहाच्या वेळी चारपाच जणांनी एकच प्रश्न विचारला, की एआयमुळे आमच्या मुलांच्या नोकऱ्या जाणार का. त्याबद्दल जेवताना बोलू. इथे मी एका जुन्या, साध्या सेवेबद्दल बोलणार आहे. एखाद्या ग्रंथालयात नसलेला लेख, मानक, पेटंट किंवा प्रबंधातलं एखादं प्रकरण दुसऱ्या ग्रंथालयातून शोधायचं, त्याची प्रत मागवायची आणि ज्याला हवी त्याच्या हातात द्यायची. ग्रंथालयवाले याला 'डॉक्युमेंट डिलिव्हरी' म्हणतात. मी माहिती-पोच म्हणते. मी काही वर्षं ग्रंथालयांच्या संगणक प्रणालीवर काम केलं आहे, त्यामुळे या सेवेची आतली बाजू मला माहीत आहे.

हा विषय आजच का, तेही सांगते. आपल्या बॅचने जमवलेल्या निधीचं काय करायचं हे आज संध्याकाळी साडेपाचच्या बैठकीत ठरायचं आहे. प्रवेशद्वाराला कमान, की एका वर्गात डिजिटल फळा, असे दोन प्रस्ताव आले आहेत. मला तिसरा मांडायचा आहे. पण त्याआधी एक हकिगत ऐका.

आपल्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा एक जण अंबडला झिंक प्लेटिंगचं जॉब वर्क करतो. तो आज इथे आहे. "सांग, पण नाव घेऊ नकोस," असं त्याने बजावलं आहे. तुमच्यातले निम्मे ओळखतीलच, पण मी शब्द पाळते.

सहासात वर्षांपूर्वी त्याच्याकडे स्प्रिंग स्टीलच्या छोट्या क्लिपांचं काम आलं. गाडीच्या आतल्या भागात बसणाऱ्या क्लिपा. पहिले दोन लॉट व्यवस्थित गेले. तिसऱ्या लॉटमधल्या क्लिपा गिऱ्हाइकाच्या लाइनवर संध्याकाळी नीट बसल्या आणि सकाळी कामगार आले तेव्हा तुटून खाली पडलेल्या होत्या. कोणी हात लावला नव्हता, कुठे धक्का लागला नव्हता. गिऱ्हाइकाने लॉट परत पाठवला, वर डेबिट नोट लावली. आपला मित्र म्हणाला, स्टील खराब आहे. स्टीलवाला म्हणाला, प्लेटिंग खराब आहे. चौथा लॉटही तसाच गेला. त्याच्याकडे तेव्हा अकरा माणसं कामाला होती आणि पुढच्या महिन्याच्या पगाराची सोय या कामावर होती.

त्याने नेटवर शोधलं. काय शोधलं? 'प्लेटिंगनंतर क्लिप तुटते', 'झिंक प्लेटिंग प्रॉब्लेम', असंच. त्याला रसायनं विकणाऱ्यांच्या जाहिराती मिळाल्या. एका विक्रेत्याने महागडं ब्राइटनर बदलून बघायला सांगितलं. त्याने बदललं. क्लिपा तुटतच राहिल्या.

मग त्याला आठवलं, की आपल्या दोन वर्षं मागची एक मुलगी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. त्याने तिला फोन केला. तिने गूगल उघडलं नाही. तिने चार प्रश्न विचारले. स्टील किती कठीण आहे? क्लिप लगेच तुटते की काही तासांनी? प्लेटिंगच्या आधी ॲसिडमध्ये किती वेळ असते? आणि प्लेटिंगनंतर ओव्हनमध्ये कधी टाकतोस?

शेवटच्या प्रश्नाला तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशी सकाळी. ओव्हन पूर्ण भरला की एकदाच लावतो. वीज वाचते."

ती म्हणाली, "दादा, तुझ्या दुखण्याला नाव आहे. हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट. नक्की तेच आहे का हे मी सांगू शकत नाही, ते तूच तपासायचंस. मी कागद मागवते."

तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयात या विषयावरचं एक पुस्तक होतं, पण हवा तो लेख नव्हता. तिने तो ग्रंथालयांच्या नेटवर्कवरून दुसऱ्या शहरातल्या ग्रंथालयाकडे मागितला आणि कोणती मानकं बघायची त्यांचे क्रमांक काढून दिले. कॉलेजने बाहेरच्या लोकांसाठी सभासदत्व ठेवलं होतं, त्यामुळे सगळं रीतसर झालं. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कागद होते. सभासदत्वाची फी सोडली तर खर्च दोन मिसळींच्या आत.

त्या कागदांत होतं ते असं. कठीण पोलाद ॲसिडमध्ये किंवा प्लेटिंगच्या टाकीत असताना त्यात हायड्रोजन शिरतो. वरून झिंकचा थर बसला की त्याला सहज बाहेर पडता येत नाही. मग ताण आला की तास-दोन तासांनी किंवा एका रात्रीने पोलाद आतून तडकतं. उपाय म्हणजे १९० ते २२० अंश सेल्सियसला काही तास भाजायचं. हे तो करतच होता. पण कागदात आणखी एक वाक्य होतं, की हे भाजणं प्लेटिंगनंतर लवकरात लवकर, साधारण चार तासांच्या आत सुरू झालं पाहिजे, आणि पॅसिव्हेशनच्या आधी. पहिले दोन लॉट लहान होते, त्याच दिवशी ओव्हनमध्ये गेले होते. पुढचे मोठे लॉट रात्रभर थांबले.

त्याने एक जुना छोटा ओव्हन घेतला आणि वेळापत्रक बदललं. क्लिपा तुटायच्या थांबल्या. गिऱ्हाईक टिकलं. आज त्याच्याकडे एकोणीस माणसं आहेत. सगळं श्रेय त्या कागदांना देऊन त्याच्या मेहनतीचा अपमान मी करणार नाही. पण त्या महिन्यात ते आले नसते तर पुढचे महिने त्याला मिळालेच नसते, असं तो स्वतः म्हणतो.

आता या हकिगतीतली खरी चुटपुट लावणारी गोष्ट सांगते. ॲसिडमध्ये बुडवलेलं पोलाद ठिसूळ होतं आणि त्याचा हायड्रोजनशी संबंध आहे, हे विल्यम जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं ते १८७५ साली. म्हणजे ज्ञान दीडशे वर्षं जुनं होतं. उपाय मानकांत कित्येक वर्षं छापलेला होता. अंबडच्या त्या शेडपर्यंत तो पोचला, कारण आपल्या मित्राची एका ग्रंथपालाशी शाळेतली ओळख होती. शेजारच्या शेडवाल्याची नसेल, तर त्याने काय करायचं?

मोठ्या कारखान्याला हा प्रश्न पडत नाही. त्यांच्याकडे स्वतःचं तांत्रिक ग्रंथालय असतं, डेटाबेसची वर्गणी असते, आणि नेमका कागद शोधणारा पगारी माणूस असतो. लहान उद्योजकाकडे यातलं काहीच नसतं. एका संशोधन नियतकालिकाची वर्षाची वर्गणी त्याच्या शेडच्या भाड्याहून जास्त असू शकते. एक लेख सुटा विकत घ्यायचा तर प्रकाशक तीसचाळीस डॉलर मागतात, आणि तो लेख आपल्या उपयोगाचा आहे का हे पैसे भरल्यावरच कळतं. शिवाय त्याला असा कागद लागतो वर्षातून दोनदा किंवा तीनदा. त्यासाठी वर्गणी कोण भरेल?

आपल्या आज्या दळण गिरणीत द्यायच्या. पीठ रोज लागायचं, पण गिरणी प्रत्येक घरात नव्हती. एक गल्लीत असली की सगळ्यांचं भागायचं. माहिती-पोच सेवेचं अर्थशास्त्र एवढंच आहे. वर्षभराचा बांधील खर्च मोडून तो 'लागेल तेव्हा, लागेल तेवढा' असा होतो, आणि लहान माणसाला मोठ्याच्या बरोबरीने प्रश्न विचारता येतो. अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत लहान युनिट किती आहेत हे तुम्हीच रोज बघता. नाशिकच्या रोजगाराचा मोठा भाग त्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. तिथला एकेक लॉट वाचणं म्हणजे एकेका घराचा महिना वाचणं आहे. आर्थिक वाढ या मोठ्या शब्दाचा मला समजलेला अर्थ तरी हाच आहे.

ही कल्पना काही माझी नाही. आपल्या देशाने ती फार लवकर ओळखली होती. स्वातंत्र्यानंतर पाचच वर्षांनी, १९५२ मध्ये, युनेस्कोच्या मदतीने दिल्लीत इन्सडॉक ही संस्था सुरू झाली. देशातल्या कोणत्या ग्रंथालयात कोणतं वैज्ञानिक नियतकालिक आहे याची एकत्रित सूची करायची, मागेल त्याला लेखाची प्रत पाठवायची, आणि लेख जर्मन, रशियन किंवा जपानी भाषेत असेल तर अनुवादही करून द्यायचा, अशी तिची कामं होती. नंतर या संस्थेचं नाव दोनदा बदललं, इतर संस्थांत ती विलीन झाली, पण मूळ कल्पना तीच राहिली. १९७०च्या दशकात हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत खास लहान उद्योगांसाठी 'सेनडॉक' नावाचं माहिती केंद्र उभं राहिलं. आणि आपल्या महाराष्ट्रात, नागपूरला, १९८० मध्ये पेटंट माहिती केंद्र सुरू झालं. देशोदेशींच्या पेटंटांच्या प्रती तिथून माफक शुल्कात मिळू लागल्या.

पेटंट म्हटलं की आपण घाबरतो. पेटंट म्हणजे 'हात लावू नका' अशी पाटी, असं वाटतं. पण पेटंट घेणाऱ्याला शोध कसा करायचा हे कागदावर स्पष्ट लिहून द्यावंच लागतं. त्याच्या बदल्यात त्याला ठरावीक मुदतीचा हक्क मिळतो. भारतात ती मुदत अर्ज केल्यापासून वीस वर्षं आहे. आणि हा हक्क त्या त्या देशापुरता असतो. मुदत संपलेलं किंवा भारतात कधी घेतलंच नव्हतं असं पेटंट म्हणजे बहुतेक वेळा वापरायला मोकळी असलेली कृती. आपल्या प्लेटिंगच्याच धंद्यातली कितीतरी रसायनं आज 'गुप्त फॉर्म्युला' म्हणून विकली जातात आणि त्यांच्या मुळाशी असलेली पेटंटं संपलेली असतात. ते कळायला कोणीतरी कागद काढून दाखवावा लागतो. वापरण्याआधी जाणकाराचा सल्ला घ्यावा हे खरंच, पण सल्ला कशाबद्दल घ्यायचा हे तरी त्यामुळे कळतं.

इंग्लंडमध्ये १९६२ साली यॉर्कशरमधल्या बॉस्टन स्पा इथे, युद्धकाळातल्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या जागेवर, विज्ञान-तंत्रज्ञानाचं उसनवारीचं राष्ट्रीय ग्रंथालय उघडलं. तिथे जाऊन वाचत बसायचं ग्रंथालय नव्हतं ते. टपालाने मागणी यायची आणि टपालाने लेख जायचा. पुढे ते ब्रिटिश लायब्ररीचा भाग झालं आणि तिथून जगभर प्रती जाऊ लागल्या.

आणि ज्या यंत्रामुळे हे सगळं सोपं झालं त्या झेरॉक्सची गोष्ट तर शाळेत सांगण्यासारखी आहे. चेस्टर कार्लसन हा माणूस न्यूयॉर्कमध्ये एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचा. पेटंटांच्या प्रती कधीच पुरेशा नसायच्या. रात्री तो कायदा शिकायचा, आणि पुस्तकं परवडत नसल्यामुळे सार्वजनिक ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घ्यायचा. हात दुखायचे. त्याच ग्रंथालयात वाचताना त्याला पाल सेलेनी या हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञाचं काम सापडलं आणि त्यातून त्याची वाट निघाली. २२ ऑक्टोबर १९३८ ला त्याने पहिली कोरडी प्रत काढली. १९५९ मध्ये 'झेरॉक्स ९१४' हे यंत्र बाजारात आलं. आज कोर्टाबाहेर, तहसीलबाहेर, कॉलेजसमोर झेरॉक्सच्या टपऱ्या आहेत आणि त्यावर किती कुटुंबं जगतात! एका ग्रंथालयात एका माणसाला योग्य लेख मिळाला, त्याचं हे पीक आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं नेटच्या आधीचं झालं. आज सगळं मोबाइलवर आहे, मग मध्ये ग्रंथालय कशाला?

बरंचसं खरंच मोकळं झालं आहे. भारतीय मानक ब्युरोची मानकं आता संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवून घेता येतात. पेटंटं घरबसल्या शोधता येतात. देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर आहेत. पण तीन अडचणी उरतात.

पहिली अडचण म्हणजे दुखण्याचं नाव. शोधयंत्र तुम्ही लिहिलेल्या शब्दांना उत्तर देतं. हे मी त्याच धंद्यात असल्यामुळे सांगते. 'क्लिप तुटते' आणि 'हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट' यांच्यामधलं अंतर यंत्राने नाही, ग्रंथपालाच्या चार प्रश्नांनी कापलं. नवे चॅटबॉट प्रश्न बरा समजून घेतात, पण कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लेखाचं नाव आत्मविश्वासाने सांगतात. तो लेख खरोखर आहे का आणि त्यात तेच लिहिलं आहे का, हे बघायला मूळ कागदच लागतो.

दुसरी अडचण कुलपाची. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळपास तेरा हजार नियतकालिकं. फार मोठं काम आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण ती सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी आहे. अंबडचा प्लेटिंगवाला आणि ओझरचा बेदाणेवाला त्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी दार उघडतं ते ग्रंथालयाकडूनच. १९८८ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या डेलनेटसारख्या नेटवर्कमध्ये आज हजारो ग्रंथालयं आहेत. एका सभासद ग्रंथालयाने मागणी नोंदवली की ज्याच्याकडे तो लेख आहे ते दुसरं ग्रंथालय कॉपीराइटच्या मर्यादेत प्रत पाठवतं. आतून ही यंत्रणा अगदी सरळ आहे. एक संयुक्त सूची, एक मागणीपत्र, आणि पलीकडे ते बघून उठणारा एक माणूस. यातली पहिली दोन कामं आम्ही सॉफ्टवेअरवाले करू शकतो.

तिसरी अडचण वेळेची, आणि ती नाशिकला सांगायची गरज नाही. २०१० चा द्राक्षाचा हंगाम आठवा. युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला, भाव कोसळले. इथे बसलेल्या काही जणांच्या घरांना त्याची झळ बसली आहे. युरोपची मर्यादा ही काही गुपित नव्हती, छापील आकडा होता. पण छापलेला असणं आणि छाटणीच्या वेळी बागायतदाराच्या हातात असणं यात फरक आहे. कागद हंगामानंतर पोचला तर तो इतिहास होतो. आज मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून औषधांच्या आणि अंशमर्यादांच्या याद्या निघतात, आणि निर्यातदार त्या जपून ठेवतात. पोच सेवा कशाला म्हणतात हे द्राक्षवाले किंमत मोजून शिकले.

आता माझा प्रस्ताव.

आपल्या शाळेचं ग्रंथालय दुपारी बंद होतं. खोली आहे, टेबलं आहेत, वीज आहे. तिथे दर शनिवारी दुपारी चार ते सात एक 'माहिती-पोच खिडकी' चालवायची. एक अर्धवेळ ग्रंथपाल मानधनावर, एक संगणक, एक स्कॅनर आणि एका ग्रंथालय नेटवर्कचं सभासदत्व. शाळेला ते थेट मिळत नसेल तर सभासद असलेल्या एखाद्या कॉलेजशी करार करू. नोंदींसाठी 'कोहा' ही मोफत प्रणाली मी बसवून देईन. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी ती तयार झाली, २००० सालापासून चालू आहे, आणि माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. मराठी नोंदी तिच्यात व्यवस्थित चालतात. कमानीचा जो अंदाज आला आहे, त्याच्या निम्म्यात हे सगळं दोन वर्षं चालेल. हिशेब मी छापून आणला आहे, बैठकीत वाटेन.

याला तीन आक्षेप येतील. काही सकाळी आलेच.

पहिला असा, की शाळेच्या पैशातून धंदेवाल्यांचं भलं कशाला? माझं उत्तर असं, की त्या शेडमध्ये काम करणाऱ्यांची मुलं याच शाळेत आहेत. आणि खिडकीवर दर शनिवारी नववीचे दोन विद्यार्थी बसतील. खऱ्या माणसाचा खरा प्रश्न ऐकून त्याला शोधता येईल असं नाव कसं द्यायचं, हे ते शिकतील. डिजिटल फळ्यावर हे शिकवता येत नाही.

दुसरा असा, की हे काम सार्वजनिक वाचनालयाचं आहे. अगदी बरोबर. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. देशात रेल्वे यायच्या आधी या गावाला वाचनालय होतं, याचा आपल्याला अभिमान असला पाहिजे. मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात आहे. आपली खिडकी त्यांची जागा घेणार नाही. प्रश्न नीट लिहून घेऊन योग्य दारापर्यंत नेणं एवढंच तिचं काम. पुढे त्यांच्यापैकी कोणी हे काम अंगावर घेतलं तर आपली खिडकी आनंदाने बंद करू.

तिसरा आक्षेप आपल्या प्लेटिंगवाल्याचाच आहे. तो म्हणाला, "लोक येणारच नाहीत. आमच्यातल्या कोणाला वाटतच नाही की आपला प्रश्न ग्रंथालयात विचारण्यासारखा आहे." हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. सुतार, वेल्डर, मसाले कुटून विकणारी बाई, पैठणीवाला, यांना ग्रंथालय म्हणजे कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षा असं वाटतं. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतली दोन इथे लागू पडतात. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, आणि वाचकाचा वेळ वाचला पाहिजे. पण जो स्वतःला वाचक समजतच नाही त्याच्यापर्यंत आपणच जावं लागेल. म्हणून पहिले सहा महिने ग्रंथपालाने महिन्यातून दोन शनिवार अंबड-सातपूरला, उद्योजकांच्या संघटनेच्या कार्यालयात किंवा चहाच्या टपरीवर बसावं, असं मी प्रस्तावात लिहिलं आहे.

आणि एक अट. एक वही ठेवायची. कोणी काय विचारलं, किती दिवसांत कागद मिळाला, खर्च किती आला, आणि तीन महिन्यांनी त्याचा उपयोग झाला का. ज्याचा उपयोग झाला नाही तेही लिहायचं, कारण काही प्रश्न कागदाने सुटत नाहीत, त्यांना प्रयोगशाळा लागते किंवा नुसतं भांडवल लागतं. दोन वर्षांनी ती वही सगळ्यांसमोर वाचू. पन्नाससुद्धा प्रश्न आले नसतील, तर उरलेल्या पैशांची कमान बांधा. तिच्यावर माझं नाव नसलं तरी चालेल.

जाता जाता आपल्या ग्रंथपाल बाईंना एक सांगायचं आहे. त्या पहिल्या रांगेत आहेत. बाई, आम्ही पुस्तक मागायला आलो की तुम्ही लगेच द्यायचा नाहीत. "कशासाठी हवंय?" असं विचारायचात. आम्हाला तो उलटतपास वाटायचा. पुढे ग्रंथालयांच्या प्रणालीवर काम करताना कळलं, की ग्रंथालयशास्त्रात हा प्रश्न विचारायला रीतसर शिकवतात. अंबडच्या क्लिपा वाचवणाऱ्या तुमच्या विद्यार्थिनीने तो इथेच ऐकला होता.

बैठक साडेपाचला, दहावी 'अ'च्या वर्गात. जेवण झालं की थेट घरी पळू नका. माझ्या प्रस्तावाच्या विरोधात मत असेल तर तर नक्कीच या.